रस्ता बंद कधी होणार ते सगळे सांगतात, उघडणार कधी ते कुणीच सांगत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की शहरात दरवर्षी मोठा उत्सव होतो, तीन दिवस बाजारातले मुख्य रस्ते बंद असतात, आयोजक म्हणतात एवढी माणसं येतात म्हणजे फायदा दुकानदारांचाच, दुकानदार म्हणतात आमचा गल्ला रिकामा, आणि बाकीचं शहर ट्रॅफिकमध्ये बसून दोघांच्याही नावाने बोटं मोडतं, तर यातून मार्ग काय. मी हे काम वीसेक वर्षं करतोय, आधी वाहतूक नियोजनाच्या बाजूने आणि नंतर आयोजकांसोबत, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खाऊन झाल्यात. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी जे बऱ्याच जणांना पटत नाही ते सांगतो. रस्ता बंद राहिल्याने जेवढं नुकसान होतं ना, त्याहून जास्त नुकसान तो उघडणार कधी हे माहीत नसल्याने होतं. दुकानदाराला जर पक्कं कळलं की दुपारी 4 ते रात्री 11 रस्ता बंद, तर तो माल सकाळी सहालाच उतरवून घेतो, दोन माणसं सकाळी बोलावतो, संध्याकाळी एकाला सुट्टी देतो, गिऱ्हाइकाला फोन करून सांगतो की बाराच्या आत या. पण नोटीस येते ती अशी, "दुपारनंतर कार्यक्रम संपेपर्यंत". आता यावर कोण काय ठरवणार? टेम्पोवाला म्हणतो मी येतच नाही, गिऱ्हाईक म्हणतं पुढच्या आठवड्यात बघू, आणि दुकानदार दिवसभर दारात उभा राहून बॅरिकेडकडे बघत बसतो.

आणि कार्यक्रमाची वेळ म्हणजे रस्ता बंदची वेळ नव्हे, इथे सगळे फसतात. एका ठिकाणी पाच तासांचा कार्यक्रम होता, परवानगीच्या कागदावर पाचच तास. प्रत्यक्षात स्टेजचा सांगाडा आदल्या दिवशी दुपारीच येऊन पडला आणि "जरा वेळ" म्हणून अर्धा रस्ता अडला, मग लाइटवाले, साउंडवाले, जनरेटर, आणि कार्यक्रम संपल्यावर सांगाडा उतरवायला क्रेन दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर उगवली कारण क्रेनवाला रात्रभर जागला होता आणि झोपला होता, त्याचीही चूक नाही म्हणा. हिशेब केला तर पाच तासांसाठी जवळपास दोन दिवस रस्ता गेला. नंतरच्या मीटिंगमध्ये व्यापारी चिडले होते ते कार्यक्रमावर नाहीच, ते चिडले होते त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर.

तेव्हापासून मी परवानगीच्या कागदावर चार वेगवेगळ्या वेळा लिहायला लावतो. पहिलं बॅरिकेड कधी लागणार, लोक आत कधी सोडणार, कार्यक्रम कधी संपणार, आणि शेवटचं बॅरिकेड कधी उचलणार. पहिल्या तीनवर कुणी वाद घालत नाही, चौथीवर सगळे गप्प होतात. त्या चौथीला अनामत रक्कम बांधायची, उशीर झाला की तासाप्रमाणे कापायची. एवढं केलं तरी पुढच्या वर्षी क्रेनवाले दोन शिफ्टचे येतात, बघाच. मिरवणूक किंवा मॅरेथॉन असेल तर अजून सोपं, कारण ती पुढे सरकते. मोठ्या मॅरेथॉनमध्ये शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे एक गाडी ठरलेल्या वेगाने येत असते, तिच्या मागे सफाई, आणि त्याच्या मागे रस्ता तुकड्यातुकड्याने उघडत जातो. मिरवणुकीचं शेपूट पुढे गेलं तरी सगळा मार्ग शेवटपर्यंत बंद ठेवायचा ही निव्वळ सवय आहे, गरज नाही.

आता धंद्याचं. आयोजक खरं बोलतात का दुकानदार? दोघंही, फक्त ते वेगवेगळ्या दुकानांबद्दल बोलतायत. पायी आलेला माणूस घेतो काय तर हातात मावेल ते, खाणंपिणं, टोपी, खेळणं, मोबाइलचा चार्जर. त्या गर्दीतून कुणी कपाट घेऊन जाणार नाही, चष्म्याचा नंबर तपासून घेणार नाही, दाताच्या डॉक्टरकडे बसणार नाही. या लोकांचं गिऱ्हाईक गाडीने येतं आणि ते त्या तीन दिवसांत फिरकतच नाही. त्यातही फरक आहे, फ्रिज घेणारा पुढच्या आठवड्यात येईल, म्हणजे तो धंदा सरकला, बुडला नाही, पण जो रोज दुपारी जेवायला यायचा तो त्या दिवशीचं जेवण पुढच्या आठवड्यात डबल जेवणार नाही. म्हणून तीन दिवसांचे आकडे घेऊन भांडू नका, आधीचा एक आठवडा आणि नंतरचे दोन आठवडे धरून बघा, चित्र बरंच वेगळं दिसतं. आणि एकाच रस्त्यावर सुद्धा नशीब सारखं नसतं, लोक आत येतात त्या तोंडाशी असलेल्याची चांदी, आणि स्टेजच्या मागे, जनरेटर नि फिरत्या शौचालयांच्या रांगेसमोर ज्याचं शटर आलं त्याचं वाटोळं.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लंडनचं, 2012 चं ऑलिंपिक. वाहतूक कोलमडेल या भीतीने महिनोन्‌महिने सांगितलं गेलं की प्रवास टाळा, वेळ बदला, घरून काम करा, स्टेशनांवर तर खुद्द महापौरांच्या आवाजातल्या सूचना. लोकांनी इतकं मनावर घेतलं की पहिल्या काही दिवसांत वेस्ट एंडमधले, म्हणजे तिथल्या मुख्य बाजार नि नाटकांच्या भागातले, दुकानदार आणि टॅक्सीवाले ओरडायला लागले की इथे शुकशुकाट आहे. ट्रॅफिकवाल्यांच्या दृष्टीने मोहीम यशस्वी, दुकानदारांच्या दृष्टीने आफत, आणि मोहीम एकच. तेव्हा जाहिरातीत काय लिहिता ते बॅरिकेडपेक्षा कमी महत्त्वाचं नाही. "या भागात येणे टाळावे" हे वाक्य मी तर बंदच करून टाकलंय. त्याऐवजी "या भागात असं या", म्हणजे गाडी इथे लावा, इथून बस आहे, दुकानं अमुक वाजेपर्यंत चालू आहेत. टाळा म्हणायचं ते फक्त गाडीबद्दल, आणि फक्त ठरावीक तासांबद्दल.

ट्रॅफिकची भीती मात्र बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा मोठी असते. रस्ता बंद केला की त्यावरच्या सगळ्या गाड्या शेजारच्या रस्त्यावर जातात हा हिशेब कागदावर बरोबर, प्रत्यक्षात बऱ्याच गाड्या निघतच नाहीत, किंवा वेगळ्या वेळी निघतात. ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी 11 देशांतली अशी सत्तरएक प्रकरणं गोळा केली होती, त्यात रस्त्याची जागा कमी केल्यावर आजूबाजूची धरून एकूण वाहतूक सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास कमी झालेली दिसली, मधला आकडा (निम्मी प्रकरणं ज्याच्या वर, निम्मी खाली) धरला तर 11 टक्क्यांच्या जवळ, म्हणजे काही ठिकाणी खूप फरक आणि काही ठिकाणी जवळपास नाहीच. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 17 दिवस शहराचा मधला भाग खाजगी गाड्यांना बंद होता, चोवीस तास सार्वजनिक वाहतूक, जादा बस, ऑफिसांना वेळा बदलायला सांगितलेलं, आणि सकाळच्या गर्दीच्या वेळची वाहतूक 22 टक्क्यांनी खाली आली. त्या काळात मुलांचे दम्याचे झटके कमी झाले हाही अभ्यास नंतर प्रसिद्ध झाला. 1984 च्या लॉस एंजेलिसमध्ये मालाचे ट्रक रात्री फिरवले, ऑफिसच्या वेळा मागेपुढे केल्या, आणि ज्या शहरात प्रलयाचं भाकीत होतं तिथले रस्ते नेहमीपेक्षा मोकळे होते.

पण यात एक मेख आहे. हे होतं ते लोकांना आधी माहीत असतं तेव्हा. अचानक बंद केलं की पहिला दिवस वाईटच जातो, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी लोक शिकतात, आणि तुमचा उत्सवच तीन दिवसांचा, म्हणजे शहर शिकेपर्यंत मांडव उतरलेला असतो. म्हणून माझं मत असं की डायव्हर्जनचा नकाशा दरवर्षी बदलू नका. नवीन साहेब येतात, त्यांना नवीन कल्पना सुचते, ती कदाचित थोडी बरी पण असते, तरी बदलू नका. कोलंबियातल्या बोगोटात 1974 पासून दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी 7 ते दुपारी 2 शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद असतात, आणि त्या शहरात कुणाला विचारावं लागत नाही की आज कुठून जायचं, कारण तारीख, वार, वेळ सगळं अंगवळणी पडलंय. साधारण नकाशा पण पाच वर्षं तोच, हा उत्तम पण दरवर्षी नव्या नकाशापेक्षा भारी पडतो.

डायव्हर्जनच्या बाबतीत बारीक गोष्टीच नडतात. पाटी बॅरिकेडला लावतात, तिथे पोचलेला माणूस आता वळणार कुठे? पाटी पाहिजे दोन चौक आधी, जिथे त्याला अजून निवड आहे. ज्या रस्त्यावरून गाड्या वळवल्या तिथलं पार्किंग आदल्या रात्रीपासून बंद पाहिजे आणि तिथल्या सिग्नलचं टायमिंग बदललेलं पाहिजे, नाहीतर रोजच्या तिप्पट गाड्या रोजच्याच हिरव्या सिग्नलला उभ्या. आणि मॅपवाल्या ॲपना आधी कळवा हो, अर्धे लोक पोलिसाकडे बघतच नाहीत, फोन सांगेल तिकडे जातात, आणि फोनला माहीतच नसतं की पुढे स्टेज बांधलंय.

आता पार्किंग. दरवर्षी मागणी येते, कार्यक्रमाजवळ मोठं पार्किंग करा. साधा हिशेब करू. 40 हजार माणसं आली, त्यातली निम्मी कारने, एका कारमध्ये अडीच माणसं धरली तर 8 हजार गाड्या. काहीच अडथळा नसलेल्या एका लेनमधून तासाला फार तर 1800 ते 2000 गाड्या जातात, शहरात सिग्नल असला की त्याच्या निम्म्या. म्हणजे दोन लेन दिल्या तरी बाहेर पडायलाच चार तास. जागा मिळाली तरी निघायचं कसं? शिवाय जवळचं पार्किंग भरल्यावर उरलेले तिथेच घिरट्या घालत राहतात, आणि ट्रॅफिक जाम खरा त्यांनीच होतो. गाड्या लांब अडवायच्या, तिथून बस, आणि त्या बसला बंद रस्त्यातून सुद्धा मोकळी वाट. ही वाट कार्यक्रमाच्या नकाशात पहिल्यांदा आखायची, स्टेज नंतर. उलटं केलं की बस पण गाड्यांच्याच रांगेत उभी राहते आणि मग बसने कोण कशाला येईल.

येण्यापेक्षा जाणं अवघड असतं हे कुणी लक्षात घेत नाही. येताना लोक दोन तीन तासांत हळूहळू येतात, जाताना सगळे एका मिनिटात उठतात. आणि नेमकं इथेच ट्रॅफिकवाले आणि दुकानदार यांचं हित एक आहे, जे दोघांनाही दिसत नाही, मलाही सात आठ वर्षांनी दिसलं. दहाला कार्यक्रम संपला आणि दहालाच दुकानं बंद करायला लावली तर सगळी गर्दी एकदम स्टेशन नि पार्किंगकडे धावते. तीच दुकानं अकरा साडेअकरापर्यंत चालू ठेवली, मुख्य कार्यक्रमानंतर कोपऱ्यात काहीतरी छोटं वाजत ठेवलं, चौकात बसायला जागा दिली, तर एक चतुर्थांश लोक रेंगाळतात, खातात, काही घेतात, आणि दीड तासात पांगत पांगत जातात. बसच्या रांगा लहान होतात, गल्ल्यात पैसे पडतात. मी एका ठिकाणी दुकानांना दीड तास वाढवून मिळावा म्हणून परवानगी खात्याशी इतका भांडलोय की त्यांना वाटलं व्यापाऱ्यांनी मला काही दिलं. मला माझी गर्दी फोडायची होती, बस.

गर्दीचा हिशेब मात्र गमतीवारी नेऊ नका. ब्रिटनमधल्या स्टेडियमच्या सुरक्षा नियमांत सपाट वाटेच्या दर मीटर रुंदीमागे मिनिटाला 82 माणसं धरतात, म्हणजे 4 मीटरच्या गल्लीतून तासाला वीस हजाराच्या आत. आता त्याच गल्लीत एका बाजूने स्टॉल लावला, त्यासमोर रांग लागली, दोन मीटर गेले, क्षमता निम्मी. स्टॉलचं भाडं मिळतं म्हणून अरुंद जागीच स्टॉल लावतात कारण तिथे लोक जास्त थबकतात, आणि तेच तर नको असतं. गर्दीवर आयुष्यभर काम केलेल्या जॉन फ्रुइन यांनी सांगून ठेवलंय की चौरस मीटरला 7 च्या आसपास माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते, लाटा येतात, मग पाय कुठे टाकायचा हे कुणाच्याच हातात राहत नाही. 24 जुलै 2010 ला जर्मनीत डुइसबुर्गच्या लव्ह परेड या संगीत महोत्सवात येणारे नि जाणारे एकाच उतारावर समोरासमोर आले, 21 जण गेले. 2022 मध्ये दक्षिण कोरियात सोलच्या इटेवॉन भागात तीनएक मीटरच्या गल्लीत दीडशेहून जास्त, आणि तिथे तर अधिकृत आयोजकच नव्हता, लोक आपणहून जमले होते, म्हणून ती गर्दी सांभाळायचं काम नेमकं कुणाचंच नव्हतं. तुमच्याकडे मुख्य कार्यक्रम ठीक असेल, पण शेजारच्या गल्लीत जे आपोआप जमतं त्याची जबाबदारी कुणाची हे आधी विचारा. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला, म्हणजे तिथल्या बिअरच्या जत्रेला, गर्दी फार झाली की मैदानालगतचं मेट्रो स्टेशन सरळ काही वेळ बंद करतात आणि लोकांना पुढच्या स्टेशनावर पाठवतात. आपल्याला वाटतं दार बंद करणं म्हणजे फजिती, तिकडे तो प्लॅनचा भाग आहे.

आणि ते "लाखो लोक" जरा आवरा. 500 मीटर लांब, 15 मीटर रुंद रस्ता म्हणजे 7500 चौरस मीटर, दाटीवाटीने उभे केले, मीटरला चार, तरी एका वेळी 30 हजार. लाख म्हटलं की शोभतं, पण त्याच आकड्यावर बंदोबस्त, शौचालयं, बस ठरतात. डुइसबुर्गला मैदानाची परवानगी होती अडीच लाखांची आणि आयोजक सांगत होते 14 लाख. खोट्या आकड्याने खरा प्लॅन होत नाही.

अँब्युलन्सची वाट, जवळपास 4 मीटर, सगळ्या नकाशांवर असते. पण 2016 मध्ये फ्रान्समधल्या नीसला ट्रक गर्दीत घुसवून 86 जणांना मारल्यापासून सगळीकडे जड अडथळे लावतात, जे योग्यच आहे, फक्त तो अडथळा अँब्युलन्सच्या वाटेवर असेल तर तो हलवणारा माणूस तिथेच पाहिजे. मी एकदा रंगीत तालमीत अँब्युलन्स बोलावली, अडथळ्याच्या साखळीची किल्ली जेवायला गेली होती. वीस मिनिटं. तालीम होती म्हणून ठीक.

व्यापाऱ्यांचा सगळ्यात खोल राग कशाचा असतो माहितीये का, ट्रॅफिकचा नाही, बाहेरून आलेल्या स्टॉलचा. वर्षभर कर भरणाऱ्याच्या दारासमोर तीन दिवस कुणीतरी तोच माल घेऊन बसतो, तेही आयोजकांना भाडं देऊन. इथे नियम सरळ ठेवा, दुकानासमोरच्या जागेवर पहिला हक्क दुकानाचा, त्याने नको म्हटलं तरच दुसऱ्याला, तो माल सारखा नसावा, आणि दाराइतकी जागा रिकामी. ज्यांचं नुकसानच होतं, कपाटवाले, डॉक्टर वगैरे, त्यांना रोख भरपाई द्यावी असं दरवर्षी कुणीतरी सुचवतं. मी विरोधात असतो. कारण भरपाई हवी तर खरी विक्री दाखवा म्हटलं की खोलीत एकदम शांतता पसरते, का ते तुम्हाला कळलं असेल. त्यापेक्षा स्टॉलच्या भाड्यातला ठरलेला हिस्सा बाजूला काढून त्यातून बाजाराच्या कडेला माल उतरवायची जागा, तिथून आत न्यायला हातगाड्या आणि चार पोरं, रहिवाशांचे पास, आणि ज्यांचं गिऱ्हाईक गाडीनेच येतं त्यांच्यासाठी सकाळचे चार तास रस्ता उघडा. हे सगळ्यांना दिसतं आणि यावर भांडण कमी होतं.

हा उत्सव शहराबाहेरच्या मैदानात न्या असंही म्हणणारे असतील. ब्राझीलमधल्या रिओने 1984 मध्ये कार्निव्हलातल्या सांबा नाचाच्या मिरवणुकीसाठी वास्तुविशारद ऑस्कर नीमायर यांच्याकडून कायमची जागाच बांधून घेतली, ती चालली, पण रस्त्यारस्त्यावरचा कार्निव्हल काही थांबला नाही, तो आहेच. स्टेजचा कार्यक्रम हलवता येतो, लोकांची सवय हलत नाही. आणि बाहेर नेलं की पायी, बसने येणारे सुद्धा गाडी काढतात, मग तिथला रस्ता जाम आणि इथला बाजार रिकामा, दोन्ही पदरात. बसची सोय आधी झाली असेल तरच तो विषय काढा.

सफाईबद्दल एकच. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सने 2017-18 मध्ये मार्डी ग्रा उत्सवाच्या मिरवणुकीच्या मार्गावरची गटारं साफ केली तर थोड्याच अंतरात 40 टनांहून जास्त, मिरवणुकीत उधळलेल्या मण्यांच्या माळा निघाल्या. रस्ता वरून चकचकीत झाला म्हणून उघडतो आपण, पहिल्या मोठ्या पावसात दुकानांत पाणी शिरल्यावर उत्सव आठवतो.

आता तुम्ही करायचं काय. पुढच्या मीटिंगला जाण्याआधी मागच्या वर्षी शेवटचं बॅरिकेड खरोखर किती वाजता उचललं ते शोधा, कागदावरची वेळ नको, खरी. आयोजकांकडे नसेल, पोलिसांकडे बहुतेक नसेल, तुमच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांत असायची तर ती रेकॉर्डिंग एव्हाना पुसली गेली असतील. मग यंदा एका पोराला वही देऊन चौकात उभं करा, चारही वेळा लिहून घ्या, आणि पुढच्या वर्षी ती वही घेऊनच खोलीत जा.